अध्यक्षांच्या परवानगीने

मी एक जुना टॅब आहे. मित्रांनो, 'जुना' म्हटल्यावर हसू नका. तुमच्यात माणूस म्हातारा व्हायला साठ वर्षे लागतात, आमच्यात चार पावसाळे पुरतात. माझा खालचा एक कोपरा फुटला आहे. पाठीवर एका कार्टूनचे अर्धे निघालेले स्टिकर आहे. चार्जरची वायर जरा वाकडी करून धरली तरच माझ्या पोटात वीज जाते. असे असूनही दर शनिवारी दुपारी महाडजवळच्या नाते गावातल्या एका घरात माझी वाट पाहिली जाते. ते का, हे सांगण्यासाठीच आज बोलतो आहे. एरवी आमच्यासारख्यांना कोणी बोला म्हणत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कोणत्या देशात, ते माझ्या पाठीवर बारीक अक्षरांत छापलेले होते, पण ती अक्षरे स्टिकरखाली गेली. जन्माची आठवण एवढीच की तिथे खूप उजेड होता आणि कोणीतरी हातमोजे घालून मला पुसत होते. पुढे पुसणारे भेटले, पण हातमोजेवाले कोणी भेटले नाही.

शाळा बंद होत्या त्या वर्षी सुहासने मला विकत घेतले. सुहास मूळचा नाते गावचा, नोकरीला मुंबईत, राहायला कळव्याला. त्याच्या मुलीची शाळा तेव्हा घरातच भरत होती आणि ती शाळा म्हणजे मी. काय सांगू ते कौतुक! मला उशीवर ठेवत, मला कोणी ओल्या हाताने शिवत नसे, पाहुण्यांना मुद्दाम दाखवत. मग शाळा उघडल्या. मुलगी दप्तर घेऊन धावत निघून गेली, आणि मी कपाटाच्या खालच्या खणात गेलो. तिथे बंद पडलेले रिमोट होते, संपलेले सेल होते, जुन्या लग्नपत्रिका होत्या. मला राग आला होता, हे कबूल करतो. काम करून दमलेल्याला विश्रांती देतात, पण मी दमलो कुठे होतो?

एक दिवस खण उघडला. सुहासने मला पुसले, चार्ज केले आणि गावी नेले.

नाते गावात त्याचे आईवडील राहतात. वडील श्रीपत गुरुजी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले. त्यांची बहुतेक नोकरी पोलादपूरच्या वरच्या डोंगरवाड्यांत गेली. आता गुडघे चढण चढू देत नाहीत. सकाळी पेपर वाचायचा, संध्याकाळी विहारात वंदनेला जायचे, मध्ये घरातल्या घड्याळाला किल्ली द्यायची. आई सुंदराबाई. त्यांना रिकामे बसलेले माणूस आणि न पुसलेली वस्तू या दोन गोष्टी खपत नाहीत.

"आता ह्ये काय आनलंस रे?" त्यांनी सुहासला विचारले.

"बाबांची शाळा आणलीय."

"परत शाळा? आता कुठं त्यांच्या अंगाचा खडूचा वास गेला!"

सुहासने समजावून सांगितले. पुण्याची एक संस्था होती. डोंगरातल्या लहान शाळांवर नवे, तरुण शिक्षक येतात. बऱ्याच ठिकाणी एकच शिक्षक, एकच खोली, आणि पहिली ते चौथीचे चारही वर्ग त्याच खोलीत. आणि ज्यांनी असल्या शाळा जन्मभर चालवल्या ते शिक्षक निवृत्त होऊन घरी बसलेले. संस्थेने ठरवले, की दर शनिवारी दुपारी दोघांना पडद्यावर एकत्र आणायचे. जुन्यांनी सांगावे, नव्यांनी विचारावे. सुहासने वडिलांचे नाव देऊन टाकले होते. मला ही कल्पना पटली. मीही खणातूनच आलो होतो ना!

सुंदराबाईंनी माझ्यासाठी लोकरीचा रुमाल विणला, टीव्हीवर आहे तसाच. आणि रोज सकाळी त्या मला पदराने पुसू लागल्या. पुसताना तोंडाने "किती ती धूळ" म्हणत, धूळ असो वा नसो.

पहिला शनिवार मला चांगला आठवतो. गुरुजींनी आंघोळ केली, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावले, पायांत चपलासुद्धा घातल्या. पडद्यावर पाय दिसत नाहीत, हे सुहासने सांगून पाहिले. "सभेला जायचं तर पायात चपला नकोत?" असे म्हणून ते माझ्यासमोर ताठ बसले.

पडद्यावर चौकोन उघडले. एका चौकोनात पुण्याचा रितेश होता. हा तरुण सगळे चालवत असे. मनाने चांगला, पण घाईचा. एकात महाडच्या उज्वलाबाई, निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांच्या मागच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ दिसत होती, ती त्यांनी मुद्दाम तशीच ठेवली होती, रंगाने झाकली नव्हती. एका चौकोनात नुसता पंखा फिरत होता. तो पंखा म्हणजे पोलादपूरचे रामजी गुरुजी, सगळ्यांत ज्येष्ठ. त्यांनी फोन टेबलावर उताणा ठेवला होता आणि पुढचे कित्येक शनिवार तो तसाच राहिला. आणखी चार-सहा निवृत्त मंडळी होती. आणि एका चौकोनात छत्री होती. छत्रीखाली मानसी नावाची नवी शिक्षिका होती. तिच्या वाडीत फोनला रेंज नसे. शाळेमागच्या टेकाडावर एक काळा कातळ आहे, तिथे चढून बसले की थोडी रेंज येई. पाऊस असला की छत्री घेऊन बसायचे.

"आज आपल्यासोबत आमच्या संचालक मॅडम जॉइन झाल्यात," रितेश म्हणाला.

झाले! मोठ्या अधिकारी आल्या म्हटल्यावर गुरुजी उभे राहिले. उज्वलाबाई उभ्या राहिल्या. सगळी निवृत्त मंडळी उभी राहिली. पडद्यावर एकही चेहरा उरला नाही, नुसती पोटे आणि शर्टाची बटणे.

"काका, तुमचे कॅमेरे खाली गेलेत बहुतेक," रितेश म्हणाला. त्याला कळलेच नाही, की इतका मान त्याच्या मॅडमना पुण्यात कधी मिळाला नसेल.

मग त्याने नियम सांगितला. "इथे काही फॉर्मल नाही. कोणीही बोला, कधीही बोला. माइक ऑन करायचा आणि बोलायचं. नाहीतर लिहून, पडद्यावरच्या या पांढऱ्या बोर्डवर पिवळी चिठ्ठी चिकटवा." आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून त्याने आपल्या बाजूने सगळ्यांचे माइक बंद केले. माझ्या खालच्या बाजूला एक लाल खूण उमटली, माइकवर तिरपी रेघ मारलेली. ती खूण लाल आहे तोवर इकडचा आवाज तिकडे जात नाही.

पहिला प्रश्न मानसीचा होता. "मी अलिबागची. ही माझी पहिलीच शाळा. चार वर्ग आणि मी एकटी. चौथीला शिकवते तेव्हा पहिली पळते, पहिलीला धरते तेव्हा तिसरी भांडते. पहिलीची मुलं तर बोलतच नाहीत. आवडी म्हणून एक मुलगी आहे, तिनं जूनपासून शाळेत एक शब्द काढलेला नाही. मी काय करू?"

कोणी बोलले नाही.

मी गुरुजींचा चेहरा अगदी जवळून पाहत होतो. त्यांच्या ओठांवर उत्तर आले होते. जबडा हलत होता. पण हात मांडीवरून उठले नाहीत. रितेशने थोडा वेळ वाट पाहिली आणि पुढचा विषय घेतला.

सभा संपून पडदा काळा झाला, आणि गुरुजी उठून स्वयंपाकघरात गेले. सुंदराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांना त्यांनी सगळे सांगितले. ती वाडी कोणती, ती खोली कशी, ते स्वतः तिथे कसे होते, मागच्या भिंतीवर दुसरा फळा कसा आहे, त्या पोरीने काय करायला पाहिजे. माझ्यापर्यंत सगळे ऐकू येत होते. उत्तर चांगले लांबलचक होते.

"मंग ह्ये मला कशाला सांगताव?" सुंदराबाई म्हणाल्या. "मी काय चौथीला शिकवताय? त्या पोरीला सांगा."

गुरुजी शर्ट काढून खुंटीला लावायला गेले.

असेच पुढच्या शनिवारी झाले. आणि त्याच्या पुढच्या. मानसी विचारायची, चौकोन गप्प राहायचे, मग स्वयंपाकघरात उत्तर दिले जायचे. पिवळ्या चिठ्ठीला तर कोणी हातच लावला नाही. रितेशने खेळ घेऊन पाहिले, "तुमचा आवडता पदार्थ सांगा" म्हणाला. मंडळी हसली आणि गप्प बसली. मला वाटायचे, माझ्या हातात असते तर मीच ओरडलो असतो. पण मला हात नाहीत, आणि तोंड आहे ते दुसऱ्यांच्या आवाजापुरते.

श्रावण गेला, भादवा आला. गणपतीची सुट्टी संपल्यावरच्या शनिवारी मानसी कातळावर बसली होती, छत्री नव्हती, तरी तिचा चेहरा ओला दिसत होता. ती म्हणाली, "मी सोडायचं म्हणतेय. पनवेलला एका क्लासमध्ये जागा मिळतेय. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाईन ती परत येणार नाही. सुट्टीआधीच्या शनिवारी नक्की काय ते सांगते. तुम्ही सगळे इतके अनुभवी आहात, पण मला वाटतं माझा प्रश्नच तुम्हाला फालतू वाटत असेल."

मित्रांनो, तिने सोडले तर काय होणार होते, ते गुरुजींनी त्या दिवशी स्वयंपाकघरात सांगितले. त्या वाडीवर दुसरा शिक्षक लगेच येत नाही. शाळेला कुलूप लागते. मुलांना खालच्या गावात जावे लागते, आणि वाटेतला ओढा पावसाळ्यात लहान मुलांना ओलांडता येत नाही. मोठी मुले नातेवाइकांकडे मुंबईला जातात, लहान घरी बसतात. "आवडी घरी बसंल," गुरुजी म्हणाले. त्यांनी आवडीला कधी पाहिले नव्हते. त्या दिवशी ते नीट जेवले नाहीत.

पुढच्या शनिवारी रितेशचाही चेहरा उतरला होता. निवृत्त मंडळी भाग घेत नाहीत, त्यांना बहुधा रस नाही, असे वरच्यांचे म्हणणे पडले आहे, आणि दिवाळीनंतर हा उपक्रम बहुतेक बंद होईल, असे त्याने सांगितले. "तरी आजही, कोणीही बोला," तो म्हणाला. मानसी मान खाली घालून बसली होती. कोणी बोलले नाही.

तेवढ्यात सुंदराबाई गुरुजींसाठी चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्या माझ्यावर वाकल्या आणि त्यांना ती लाल खूण दिसली.

"ह्यो तिखटाचा डाग कवाधरनं हाय हिथं?" त्या म्हणाल्या.

त्यांनी पदराने पुसला. डाग हलला नाही. मग त्यांनी बोटाने खरवडला. डाग गेला. सुंदराबाईंना समाधान वाटले. लाल खूण जाते म्हणजे माइक उघडतो, हे त्या घरात फक्त मला माहीत होते. गुरुजींची नजर मानसीवर होती.

"अवो, एक इचारू?"

"सभा चालू हाय."

"कसली वो सभा? कोन तरी बोलतंय का? ती पोरगी रडकुंडीला आली आनि तुमी मूग गिळून बसलाव. घरात मला सगळं सांगताव. तिला सांगाया काय झालं?"

आणि इतक्या शनिवारांचे साठलेले गुरुजींच्या तोंडून बाहेर पडले. "अगो, अध्यक्ष कुठं हाय? ह्या सभेला अध्यक्षच नाय! कोनी सूचना मांडली नाय, कोनी अनुमोदन दिलं नाय. पोरगा म्हनतो, कोनी पन बोला. कोनी पन म्हंजे कोन? नाव पुकारल्याबिगर आपनहून तोंड घालायला मी काय बाजारात उभा हाय? चवदार तळ्यावरच्या सभेला इतकी वर्षं जातो, नाव पुकारल्याबिगर माइकला हात लावला का कदी?"

पडद्यावर रितेशचे तोंड उघडे राहिले होते.

उज्वलाबाई इतक्या पुढे वाकल्या की त्यांचा नुसता चष्मा दिसू लागला. त्यांनी पहिल्यांदाच आपला माइक उघडला. "श्रीपत गुरुजी, अहो, तुमचा आवाज येतोय सगळ्यांना."

गुरुजी ताडकन उभे राहिले. पडद्यावर पुन्हा पोट.

"बसा, बसा. माझ्या मनातलंच बोललात तुम्ही," उज्वलाबाई म्हणाल्या. "मीही पहिल्या दिवसापासून वाट बघतेय. म्हटलं, पुण्याची पद्धत वेगळी असेल, आपण कशाला उगाच पुढे पुढे करा."

इथे तुम्हाला थोडे सांगायला हवे. आमच्या भागात सभा म्हणजे सभा. विहाराची असो, शाळेच्या समितीची असो, गावमंडळाची असो की मुंबईत राहणाऱ्या गावकऱ्यांच्या मंडळाची. आधी एकाने अध्यक्षांचे नाव सुचवायचे, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचे, अध्यक्षांनी खुर्ची स्वीकारायची. मग अध्यक्ष ज्याचे नाव घेतील त्याने बोलायचे. रितेशला यात नुसता थाटमाट दिसला असता. पण गुरुजींच्या आजोबांना गावच्या बैठकीत बसायलाही जागा नव्हती, बोलणे तर दूरच. पुढे त्यांच्या लोकांनी स्वतःच्या सभा भरवल्या, तेव्हा आधी अध्यक्ष नेमला. मोठ्या आवाजाच्या माणसाने एकट्यानेच बोलू नये आणि कोपऱ्यातल्या माणसाचेही नाव पुकारले जावे, म्हणून. आमचे गुरुजी हे त्या वाटेने शिकले होते आणि डोंगरातले रामजी गुरुजी शिक्षकांच्या सभांतून शिकले होते, पण सवय दोघांच्या हाडात सारखीच मुरलेली होती. 'कोणीही बोला' म्हटले की अशा माणसांना वाटते, आपल्याला नाही म्हटलेले.

उज्वलाबाईंनी चष्मा नीट केला आणि खणखणीत आवाजात म्हटले, "आजच्या सभेचं अध्यक्षस्थान पोलादपूरचे ज्येष्ठ शिक्षक रामजी गुरुजी यांनी स्वीकारावं, अशी मी सूचना मांडते."

"या सूचनेला मी अनुमोदन देतो," गुरुजी उभ्यानेच म्हणाले.

चौकोनांवरची एकेक लाल खूण गेली आणि टाळ्या पडल्या. माझा स्पीकर जुना, त्यामुळे त्या पत्र्यावर पाऊस पडल्यासारख्या वाजल्या. पंखा हलला, छप्पर हलले, आणि रामजी गुरुजींचा चेहरा पहिल्यांदाच सगळ्यांना दिसला. मिशा पांढऱ्या होत्या. त्यांनी मागे हात करून टोपी घेतली आणि डोक्यावर ठेवली.

"माझी पात्रता नसताना आपण मला हा मान दिलात," त्यांनी सुरुवात केली, आणि मग ते बराच वेळ बोलले. त्यानंतर वर्षभरात वारलेल्या शिक्षकांसाठी दुखवट्याचा ठराव झाला. सगळे उभे राहिले. पुन्हा पोटे.

"काका, टाइम जरा कमी आहे," रितेश मध्ये म्हणाला.

"रितेशराव," रामजी गुरुजी शांतपणे म्हणाले, "बोलायचं असेल तर आधी परवानगी घ्या."

रितेश थबकला. मग तो हसला, आणि मला तो त्या दिवशी प्रथम आवडला. "सॉरी गुरुजी. परवानगी आहे का?"

"आहे."

"काही नाही. तुमचं चालू द्या." आणि त्याने रामजी गुरुजींच्या चौकोनाखाली त्यांच्या नावापुढे 'अध्यक्ष' असे लिहून टाकले. एवढे करायला त्याला क्षणही लागला नाही. इतके दिवस ते सुचले नव्हते, एवढेच.

"विषय पहिला," अध्यक्ष म्हणाले. "मानसी मॅडमचा प्रश्न. श्रीपत गुरुजींनी बोलावं."

गुरुजींनी घसा साफ केला. स्वयंपाकघरातले सगळे उत्तर आता कातळावर पोचले. मागच्या भिंतीवरचा फळा वापर. वर्ग एकमेकांना पाठ करून बसव, म्हणजे तिसरीला चौथीचे तोंड दिसणार नाही आणि भांडण होणार नाही. चौथीचे एक मूल पहिलीच्या एका मुलाला जोडून दे. मग त्यांनी बोर्डवर बोटाने खोलीचा नकाशा काढला. माझा फुटका कोपरा बोट ओळखत नाही, त्यामुळे त्यांच्या खोलीला तीनच भिंती झाल्या. मला शरम वाटली, पण मानसीला खोली कळली.

"मला हे मान्य नाही," उज्वलाबाई परवानगी घेऊन म्हणाल्या. "पाठ करून बसवलं की बुजरी मुलं आणखी बुजतात. पहिलीला दाराशी बसव. बाहेर शेळी दिसली की शेळीवर बोलायचं. पुस्तक नंतर."

दोघांचे चांगलेच वाजले. अध्यक्षांनी दोघांनाही खाली बसवले. मध्येच मानसीची रेंज गेली, तेव्हा "रेंज येईपर्यंत सभा तहकूब," असे रामजी गुरुजींनी जाहीर केले, आणि सगळे चौकोन शिस्तीत वाट पाहत बसले. ती परत आली तेव्हा नुसते म्हणाली, "बघते करून." सोडणार की राहणार, ते बोलली नाही.

मग आठवडेही बदलले. मानसी वर्गातला आवाज टिपून पाठवी. गुरुजी मला कानाशी धरून ऐकत आणि उत्तर बोलून पाठवत. माझी बॅटरी लवकर उतरू लागली. सुंदराबाई चार्जरच्या वायरखाली काडेपेटी ठेवून तिला बरोबर वाकवत. इतके काम मला कळव्याच्या शाळेतही नव्हते. पण सुट्टी जवळ येत होती, आणि गुरुजी दर वेळी ऐकून झाल्यावर एकच म्हणत, "आवडीचा आवाज नाय ह्यात."

सुट्टीआधीचा शनिवार आला. सुंदराबाई नवे लुगडे नेसून स्वतःच माझ्यासमोर खुर्ची ओढून बसल्या. गुरुजींच्या बोटाला इतका घाम होता की माझ्यावर ते घसरत होते. रामजी गुरुजींनी टोपी घातली, अनुमोदन झाले. "विषय पहिला," ते म्हणाले. "मानसी मॅडमचा निर्णय. मॅडमनी बोलावं."

कातळावर ऊन होते. भोवतीचे गवत पिवळे झाले होते. मानसी एकटी नव्हती. तिच्यामागे सगळी शाळा ओळीने बसली होती.

"अध्यक्षांच्या परवानगीने," ती म्हणाली, "गुरुजींचं पाठीला पाठ करून पाहिलं. बाईंचं दाराशी बसवूनही पाहिलं. दोन्ही थोडं थोडं चाललं. पण तुमची सभा बघून मला आणखी एक सुचलं. आता रोज सकाळी आमची सभा भरते. चौथी नाव सुचवते, तिसरी अनुमोदन देते, दुसरी टाळ्या वाजवते, आणि पहिलीचं एक मूल खुर्चीत बसतं. चारही वर्ग त्याच्या परवानगीने बोलतात. भांडणं गेली. मग आवडीची पाळी आली. ती खुर्चीत बसली आणि गप्प राहिली. ती नाव पुकारेना, म्हणून सगळा वर्ग गप्प. मला वाटलं, चुकलंच माझं. आणि चौथीच्या साहिलला लघवीला जायचं होतं. तो हात वर करून चुळबुळ करत राहिला. शेवटी तीच म्हणाली, 'साहिल, जा.' हा तिचा शाळेतला पहिला शब्द."

उज्वलाबाईंनी चष्मा काढून पुसला.

"आज मी बोलणार नाही," मानसी म्हणाली. "आज आमच्या अध्यक्ष बोलतील." तिने फोन फिरवला. कातळावर प्लॅस्टिकची खुर्ची मांडलेली होती. तिच्यात एक लहान मुलगी बसली होती, दोन वेण्या, पाय जमिनीला पोचत नव्हते. तिने फोनकडे पाहिले, मानसीकडे पाहिले, पुन्हा फोनकडे पाहिले. एवढासा आवाज आला, पण स्पष्ट आला.

"शिरपत गुरुजींनी बोलावं."

गुरुजी माझ्यावर वाकले. माझ्या काचेवर एक थेंब पडला. मी वॉटरप्रूफ नाही, तरी मला त्याचे काही वाटले नाही.

"बोला की वो," सुंदराबाई हळूच म्हणाल्या. "नाव पुकारलंय तुमचं."

"अध्यक्षांच्या परवानगीनं," गुरुजी म्हणाले, आणि सभेतले ठेवणीतले मराठी विसरून घरातले बोलू लागले. "मला येकच इचारायचं हाय, पोरी. तुमच्या मॅडम ऱ्हानार का जानार?"

आवडीने विचार केला. प्रश्न तिला विचारला होता, पण उत्तर तिच्याजवळ नव्हते. अशा वेळी अध्यक्षाने काय करायचे ते ती शिकली होती.

"मॅडमनी बोलावं," ती म्हणाली.

सगळी मुले मानसीकडे वळली. मानसी हसत होती आणि डोळे पुसत होती. "पनवेलला काल कळवलं," ती म्हणाली. "येत नाही म्हणून."

कातळावर असा कालवा झाला की माझा स्पीकर फाटतो की काय असे वाटले. आवडी खुर्चीतून उतरली आणि तिने म्हटले, "सभा संपली." आणि सगळी शाळा टेकाड उतरत पळाली.

मित्रांनो, आता माझे फार दिवस राहिले नाहीत. बॅटरी फुगत चालली आहे. उपक्रम मात्र चालू राहिला आहे, आणि सुहास नवा टॅब आणणार म्हणतो. आणू दे, मला त्याचा हेवा नाही. मला कुठे ठेवायचे ते सुंदराबाईंनी ठरवले आहे, टीव्हीशेजारी, लोकरीच्या रुमालाखाली. खणात नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखे कोणी खणात पडले असेल तर त्याला एकदा चार्ज करून बघा. आणि तुमच्या घरात कोणी वयस्क माणूस सगळ्यांत बसूनही गप्प असेल, तर ते आतून रिकामे झाले आहे असे समजू नका. 'कोणीही बोला' म्हणू नका. त्याच्याकडे तोंड करा, त्याचे नाव घ्या आणि म्हणा, तुम्ही बोला. मग थोडा धीर धरा, कारण आधी दुखवट्याचा ठराव होईल.

सभेच्या सुरुवातीला रितेश अजूनही सगळ्यांचे माइक बंद करतो. लाल खूण उमटते. सुंदराबाई चहा घेऊन येतात आणि म्हणतात, "ह्यो मेला डाग परत आला." त्या बोटाने तो खरवडून काढतात, आणि मग अध्यक्ष आमच्या गुरुजींचे नाव पुकारतात. तो डाग कसला आहे, हे गुरुजींनी त्यांना अजून सांगितलेले नाही.